निजताना दोन चमचे तेल

"ताई, आम्ही मूळचे नौपाड्यातले. इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून गेल्या दिवाळीपासून कासारवडवलीला भाड्याने राहतोय, चौदाव्या मजल्यावर. सासूबाई ७६ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला. काठी घेऊन चालतात, पण पाणी पिताना मधूनच ठसका लागतो. इथे आल्यापासून त्यांचं पोट साफ होत नाही. चार-चार, पाच-पाच दिवस जातात. तासभर कमोडवर बसतात आणि रडवेल्या होऊन बाहेर येतात. शेजारच्या काकू म्हणाल्या एरंडेल द्या, पण माझा धीर झाला नाही. मग औषधाच्या दुकानातून एक पांढरं, दाटसर औषध आणलं. 'आतून तेल लागल्यासारखं होतं, काही अपाय नाही,' असं सांगितलं. गेले सात आठवडे त्या रोज रात्री अंथरुणात पडल्या पडल्याच दोन चमचे घेतात. थोडा फरक पडला, पण आता परकराला डाग पडायला लागलेत आणि त्या लाजेने कुठे यायला तयार होत नाहीत. इसबगोल सुरू करू का? की दुसरं एखादं सौम्य, वंगणासारखं औषध आहे? त्यांच्या गोळ्यांची यादी सोबत पाठवते. — एक सून, घोडबंदर रोड, ठाणे" (पत्र मोठं होतं, इथे थोडक्यात दिलंय.)

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातले तीन शब्द मी परत परत वाचले: 'अंथरुणात पडल्या पडल्याच'. आधी त्याचं बोलू. ते औषध आज रात्रीपासून द्यायचं नाही. बाटली मात्र फेकू नका. डॉक्टरांना दाखवायला लागेल.

बाटलीवर बारीक अक्षरांत 'लिक्विड पॅराफिन' लिहिलेलं असेल, आणि बहुधा त्याच्याच खाली 'मिल्क ऑफ मॅग्नेशिया'. आपल्याकडच्या बऱ्याचशा पांढऱ्या-गुलाबी औषधांत ही जोडी असते. लिक्विड पॅराफिन म्हणजे खनिज तेल. कच्चं पेट्रोलियम गाळून, शुद्ध करून काढलेलं, रंग-वास-चव काहीच नसलेलं. आपलं आतडं ते पचवत नाही. गोडं तेल किंवा तूप लहान आतड्यातच पचून जातं, हे मात्र जसं पोटात गेलं तसं शेवटपर्यंत खाली सरकतं. जाताना मळावर पातळ थर धरतं आणि त्यातलं पाणी आतड्याला शोषू देत नाही. म्हणून खडा होत नाही आणि झालाच तर घसरतो. सहा-आठ तासांत काम होतं, पोटात कळ येत नाही. शंभरेक वर्षांपूर्वी लंडनचे नामांकित सर्जन सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी या तेलाचा मोठा पुरस्कार केला होता. त्याआधी हेच गृहस्थ बद्धकोष्ठासाठी रोग्यांचं मोठं आतडंच कापून काढत, तेव्हा त्या मानाने तेल सौम्यच म्हणायचं!

आतड्याला ते सौम्य आहे, यात वाद नाही. फुप्फुसाला नाही. पाण्याचा एक थेंब श्वासनलिकेत गेला तरी माणूस खोकून खोकून बेजार होतो, कारण तिथला पहारा जागा असतो. हे तेल इतकं गुळगुळीत आणि बेचव असतं की त्या पहाऱ्याला चाहूलच लागत नाही. आडवं पडून घेतलं की ते घशात रेंगाळतं, किंवा पोटातून वर येतं, आणि गुपचूप खाली फुप्फुसात उतरतं. तिथे ते विरघळत नाही, पचतही नाही. थोडं थोडं साठत जातं आणि त्याने एक प्रकारचा न्यूमोनिया होतो. कधी सतत बारीक खोकला, कधी कसर, कधी जिना चढताना लागलेली धाप. एक्सरेत डाग दिसतो, पण रोज रात्री तेल घेतलं जातंय हे कोणी विचारत नाही आणि घरचे सांगत नाहीत, कारण 'पोटाचं औषध' आणि छाती यांचा संबंध कोणाच्या डोक्यात येणार? लहान मुलं, अंथरुणाला खिळलेली माणसं आणि गिळताना ठसका लागणारी माणसं, या तिघांना हे तेल तोंडाने देऊ नये असं म्हणतात ते यासाठी. तुमच्या सासूबाई तिसऱ्यात बसतात. गेल्या सात आठवड्यांत त्यांना खोकला, बारीक ताप किंवा दम लागणं यांतलं काही सुरू झालं असेल तर डॉक्टरांना ते वेगळं सांगा, आणि तेलाचंही सांगा.

दुकानदाराला फार बोलही लावू नका. मी स्वतः ठाण्यात एकतीस वर्षं औषधाच्या काउंटरमागे उभी होते. संध्याकाळी स्टेशनवरून गर्दी सुटली की कोणासाठी, वय काय, असं विचारायला उसंत नसते. अशा बाटल्या मीही न विचारता दिल्या आहेत. आता ते आठवलं की बरं वाटत नाही.

एरवी हे औषध टाकाऊ नाही. मूळव्याधीची किंवा फिशरची, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेची, आग पडलीय, शस्त्रक्रिया झालीय, कुंथायला मनाई आहे, अशा धडपणे गिळता येणाऱ्या माणसाने डॉक्टरांच्या सांगण्यावरून थोडे दिवस, बसून, झोपायच्या बऱ्याच आधी घेतलं तर त्याचा उपयोग होतो. सात आठवडे मात्र फार झाले. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं तेलात विरघळतात आणि या तेलाबरोबर वाहून जातात. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांचं रक्त त्यामुळे प्रमाणापेक्षा जास्त पातळ होऊ शकतं. तुमच्या यादीत ॲस्पिरिन आहे, वॉरफरिन नाही, तेव्हा ती एक काळजी कमी. शिवाय बाटलीत मॅग्नेशिया असेल तर मूत्रपिंडाचा रिपोर्टही लागेल. त्यातलं क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंड नीट काम करत नसेल, तर मॅग्नेशियम अंगात साठतं.

आता परकराच्या डागांकडे वळते. तुम्ही ते तेलाचे धरलेत, आणि असतीलही. हे तेल गुदद्वाराला धरून ठेवता येत नाही, ते आपोआप पाझरतं. पण एकदा दिवसाच्या उजेडात नीट बघा. डाग पारदर्शक, नुसता चिकट असेल तर तेल. पिवळट-तपकिरी, पाणचट, वास येणारा असेल तर गोष्ट वेगळी आहे. म्हाताऱ्या माणसांत असं होतं की गुदाशयात मोठा खडा बूच लावल्यासारखा अडकतो आणि वरचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत राहतो. घरच्यांना वाटतं जुलाब झाले. जुलाब बंद करायची गोळी दिली जाते आणि बूच आणखी घट्ट बसतं. वरून कितीही वंगण ओता, ते बाजूने वाहून जाणार, खडा जागेवरच. म्हणून कुठलंही नवं औषध सुरू करण्याआधी तुमच्या फॅमिली डॉक्टरांना हातमोजा घालून एकदा बोटाने तपासायला सांगा. एका मिनिटाचं काम आहे. सासूबाई संकोचतील, तुम्ही शेजारी थांबा. आणि खडा असेल तर तो काढायचं काम त्यांच्यावर किंवा नर्सवर सोडा. दुकानात तयार मिळणारा फॉस्फेटचा एनिमा या वयात घरच्या घरी देऊ नका. मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर असेल तर रक्तातल्या क्षारांचा तोल पार बिघडतो.

तुम्हाला वंगणच हवंय ना? मग ते तोंडाऐवजी दुसऱ्या टोकाने द्यावं. ग्लिसरीनची सपोझिटरी मिळते, मागून ठेवायची मेणचट गोळी. आपल्या आज्या तान्ह्या बाळाला विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावत, त्याच घराण्यातली. ग्लिसरीन आजूबाजूचं पाणी ओढतं, मळ मऊ करतं, वाट ओलसर करतं आणि गुदाशयाला हलकीशी जाग आणतं. पाव ते एक तासात शौचाला होतं. घशाशी काही संबंध नाही, म्हणून ठसक्याची भीती नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं की मोठ्यांच्या मापाची मागा, लहान मुलांची वेगळी असते. सासूबाईंना डाव्या कुशीवर झोपवा, वरचा गुडघा पोटाकडे घ्यायला सांगा. हातमोजा घाला, गोळी पाण्यात बुडवून ओली करा आणि बोटाच्या पहिल्या पेराएवढी आत सरकवा. मळातच खुपसली तर ती तिथेच रुतते. ती आतड्याच्या भिंतीला टेकायला हवी. मग पंधरा-वीस मिनिटं पडून राहायचं. ठाण्याच्या मे महिन्यात कपाटातली सपोझिटरी हातात येईपर्यंत लिबलिबीत झालेली असते, म्हणून फ्रिजच्या दारात ठेवा, आणि घरात शाळकरी मुलगा आहे तर डब्यावर नाव लिहून ठेवा. साबणाची वडी मात्र नको. त्याने आतली नाजूक त्वचा सोलवटते.

इसबगोल? तुम्हाला आणि तुमच्या यजमानांना चालेल, सासूबाईंना नको. गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून देशभर जाणारा तो भुसा चांगला आहे, स्वस्त आहे, मी स्वतः घेते. पण तो पाणी पिऊन फुगतो. ज्याला ठसका लागतो त्याच्या घशातच फुगला तर गुदमरायची पाळी येते. आणि खाली खडा अडकलेला असताना वरून आणखी भर घालायची म्हणजे घोडबंदरला गाड्या तुंबलेल्या असताना मागून अजून गाड्या सोडण्यासारखं आहे.

एरंडेलाला तुम्ही नाही म्हणालात ते फार चांगलं केलंत. आमच्या लहानपणी महिन्यातल्या एखाद्या रविवारी सकाळी सगळ्या भावंडांना रांगेत उभं करून आई चहातून एरंडेल द्यायची. नाक धरून गिळायचं आणि मग दिवसभर संडासासमोर रांग. ते तेल आहे म्हणून सगळ्यांना वाटतं की ते वंगणाचं काम करतं. प्रत्यक्षात लहान आतड्यात त्याचं विघटन होऊन रिसिनोलेइक आम्ल सुटतं आणि ते आतड्याच्या स्नायूंना डिवचतं. नेमकं कुठे डिवचतं, तेही २०१२ साली जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी शोधून काढलं. म्हणजे हा चाबूक आहे. सोनामुखी घातलेली जी चूर्णं 'आयुर्वेदिक, निर्धोक' म्हणून विकली जातात, त्यांचंही तेच. अडकलेल्या पोटावर चाबूक ओढला तर कळा येतील, पाणी जाईल, चक्कर येऊन पडतील आणि खुब्याचं हाड मोडून बसतील.

रोजच्यासाठी डॉक्टर बहुधा पाणी धरून ठेवणारं औषध देतील. लॅक्ट्युलोजचं गोड सरबत किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. ही लगेच काम करत नाहीत, एक-दोन दिवस लागतात. लॅक्ट्युलोजने सुरुवातीला गॅस होतो, तो ओसरतो. एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा: ठसक्यासाठी तुम्ही पाणी दाट करायची पावडर वापरत असाल आणि ती स्टार्चची असेल, तर ग्लायकॉलची पावडर त्यात मिसळली की दाट केलेलं पुन्हा पातळ होतं. ठसका लागायचा तो लागतोच. दोन्ही औषधं एका वेळी डॉक्टरांसमोर ठेवा. ठसक्यासाठी अजून कोणाला दाखवलंच नसेल तर गिळण्याची तपासणी करणारे थेरपिस्ट असतात, त्यांच्याकडे चिठ्ठी मागा.

आता तुमची यादी. माझी सवय अशी की कोणी बद्धकोष्ठाचं औषध मागितलं की मी आधी इतर गोळ्या विचारायची. सासूबाईंच्या यादीत लोह आहे, कॅल्शियम आहे, आणि सातव्या ओळीत सॉलिफेनासिन. शेजारी तुम्ही लिहिलंय, 'रात्री सारखी लघवी होते म्हणून, डिसेंबरपासून'. लोह आणि कॅल्शियम दोन्ही पोट आवळतात हे बहुतेकांना ठाऊक असतं. ही सातवी गोळी मूत्राशयाच्या स्नायूला शांत करते, आणि तसं करताना आतड्यालाही सुस्त करते. तोंडही कोरडं पडतं. गंमत बघा, गच्च भरलेलं गुदाशय पुढच्या मूत्राशयावर दाब देतं, त्यामुळे पुन्हा पुन्हा लघवीला लागतं. म्हणजे बद्धकोष्ठामुळे लघवी, लघवीसाठी गोळी, गोळीने आणखी बद्धकोष्ठ. असंच झालंय असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण डिसेंबर ही तारीख मला खटकते. स्वतःहून काही बंद करू नका. यादी घेऊन जा, सातव्या ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, 'ही लागेल का? लोह दिवसाआड चालेल का? थायरॉइड कधी तपासलं होतं?'

आणि नौपाड्यातलं त्यांचं सकाळचं वेळापत्रक काय होतं, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओझरता उल्लेख आहे की त्या रोज पहाटे कोपिनेश्वराला जायच्या. म्हणजे उठायचं, देवळापर्यंत चालायचं, बहुतेक तलावपाळीला अर्धी फेरी, घरी येऊन गरम चहा, आणि मग भारतीय संडासात उकिडवं बसायचं. पोट साफ व्हायला लागणारं सगळं ओळीने त्यात होतं. उठल्यावर मोठं आतडं जागं होतं, चालण्याने ढवळतं, पोटात गरम काही गेलं की खाली ढकलायचा इशारा मिळतो, आणि उकिडवं बसलं की गुदद्वाराजवळचा पट्ट्यासारखा स्नायू सैल होऊन वाट सरळ होते. चौदाव्या मजल्यावर यातलं एकच उरलं, चहा.

तोही वाया जातोय. तुम्ही लिहिलंय, सकाळी मुलाची बस, तुमची गाडी, 'तुमचं आटपू दे, मग मी जाते' असं सासूबाई म्हणतात. साडेसातला आलेली भावना साडेनवापर्यंत थांबत नाही. ती मागे फिरते, मळातलं पाणी शोषलं जातं, आणि रोज असं केलं की गुदाशय सांगायचंच सोडून देतं. तेव्हा चहानंतर वीस मिनिटांनी संडास त्यांचा. कोणी दार वाजवायचं नाही. दहा-पंधरा मिनिटांत नाही झालं तर उठायचं, कुंथत तासभर बसायचं नाही. मुलाला दहा मिनिटं आधी उठवा, कुरकुरेल.

कमोडवर त्यांचे पाय लोंबकळत असणार. पायाखाली चौरंग किंवा पाट ठेवा, वीतभर उंचीचा, गुडघे कमरेपेक्षा वर येतील इतका. कोपरं मांडीवर टेकवून किंचित पुढे झुकायचं. पाट घसरता कामा नये, खाली रबराची चटई हवी. त्या बसल्यावर तुम्ही पाट सरकवा आणि उठण्याआधी काढून घ्या, म्हणजे त्यावर चढायचा किंवा अडखळायचा प्रश्न नाही. भिंतीला धरायला दांडा लावून घ्या. घरमालक कुरकुरला तर लावून घ्या आणि मग सांगा. चालायला खालची बाग नको वाटत असेल तर मजल्यावरच्या लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत दोन फेऱ्या, कोणीतरी सोबत.

खाण्याचं थोडक्यात. रात्री उठावं लागू नये म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणीच घेत नसतील, बहुतेक म्हाताऱ्या बायका तेच करतात. मग ते पाणी सकाळ-दुपारी भरून काढा, त्यांना झेपेल तसं दाट करून. हृदयासाठी किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून दिलं असेल तर ते माप मोडू नका. जांभळी नाक्यावरून काळ्या मनुका आणा, रात्री भिजवून सकाळी कुस्करून गाळून द्या. पिकलेली पपई, दुधीची मऊ भाजी, मुगाची सैलसर खिचडी, वर तूप. तूप मोठ्या आतड्यापर्यंत वंगण म्हणून पोचत नाही हे मी आधी म्हटलंच, पण कोरडा घास त्याने मऊ होतो आणि तोंडाला चव येते, एवढ्यासाठीही ते घालावं. भरवताना त्या ताठ बसलेल्या हव्यात, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या आणि गॅसही सरेनासा झाला तर रात्रीचे दोन वाजले तरी हॉस्पिटल गाठा. शौचातून रक्त पडलं, वजन उतरलं, तर आठवड्याची वाट बघू नका. लोहाच्या गोळीने मळ काळपट-हिरवा होतो, त्याला घाबरू नका. डांबरासारखा काळा, चिकट आणि उग्र वासाचा झाला तर मात्र त्याच दिवशी दाखवा. ॲस्पिरिन चालू आहे, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

ता. क. परकराच्या डागांचं एक राहिलंच. खनिज तेलाचा डाग नुसत्या पाण्याने निघत नाही. कोरड्या कापडावरच भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब चोळा, अर्धा तास ठेवा, मग गरम पाण्याने धुवा. आणि वाळत घालताना सगळ्यांच्या कपड्यांबरोबर घाला, गॅलरीच्या कोपऱ्यात वेगळे नको. त्यांचं लक्ष असतं.